गल्ल्यावरची बैठक आणि पाठीचे दुखणे

सालेकसा हे मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरील तालुक्याचे गाव. धान आणि तेंदूपत्त्याचा हा मुलूख. कष्ट म्हटले की इथे शेतकरी आणि हमाल आठवतो. बसून काम करणारा मात्र सुखी समजला जातो. वास्तविक शिलाई मशीनवरचा कारागीर, गल्ल्यावरचा दुकानदार आणि कचेरीतला कारकून हे तिघेही एकाच दुखण्याचे वाटेकरी आहेत.

हा विषय नवा नाही. इटलीतील वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणे त्यांनी सांगितली : सतत बसणे, हाताची एकसारखी हालचाल आणि मनावरचा ताण. लेखणीची जागा संगणकाने घेतली, कारणे तीच राहिली. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आल्यावर तर लहान व्यापारीही अर्धा कारकून झाला आहे.

बैठक कशी असावी?

१) दोन्ही तळपाय जमिनीवर टेकावेत. स्टूल उंच असल्यास पायाखाली फळी ठेवावी.

२) कंबरेला टेका हवा. खुर्चीला तो नसेल तर गुंडाळलेला टॉवेलही चालतो.

३) संगणकाचा पडदा हातभर अंतरावर आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत असावी.

४) शिंपी बांधवांनी सुईवर भरपूर उजेड घ्यावा. उजेड कमी पडला की मान आपोआप झुकते.

५) अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चालावे. जुहर आणि असरच्या नमाजसाठी काम थांबतेच. ती वेळ घाईत उरकू नये.

अंगठा व शेजारच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येत असतील तर मनगटातील नस दबल्याची शक्यता असते. अशा वेळी डॉक्टरांना दाखवावे आणि साखरही तपासून घ्यावी. पायातील शक्ती कमी झाली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर एक दिवसही थांबू नये.

मनावरचे ओझे

ताण हा बहुधा कामापेक्षा कामाच्या गोंधळातून येतो. ईदच्या हंगामात हात पुरतील तेवढेच कपडे शिवायला घ्यावेत आणि देण्याची तारीख वहीत लिहावी. उधारीचा हिशेब रोजच्या रोज मांडावा. पाच कोटींपर्यंत वार्षिक उलाढाल असणाऱ्यांना २०२१ पासून तिमाही विवरणाची सोय आहे. मात्र कर दरमहा भरावा लागतो. आपल्याला ती सोयीची आहे का, हे कर सल्लागाराला विचारावे.

मालकाची जबाबदारी

दिवसभर उभ्या असणाऱ्या नोकराचेही ऐकले पाहिजे. केरळात कापड दुकानांतील महिला कामगारांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला आणि २०१८ मध्ये तेथील कायदा बदलला. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तसाच कायदा केला. आपण कायद्याची वाट का पाहावी? गिऱ्हाईक नसताना नोकराला बसू देण्यासाठी एक स्टूल पुरेसे आहे. शिवाय थकलेला माणूस मापात आणि हिशेबात चुकतो, ते नुकसान मालकाचेच असते.

भांडवल बुडाले तर पुन्हा उभे करता येते. कारागिराचा हात आणि पाठ गेली तर धंदाच बसतो. शरीर ही अल्लाहची अमानत आहे. आज दुकान उघडताना सर्वप्रथम आपल्या खुर्चीकडे आणि नंतर नोकराच्या स्टुलाकडे पाहावे.