कांद्याच्या भावात सरकारचा हात किती असावा?

१९ ऑगस्ट २०२३, शनिवार. केंद्र सरकारची अधिसूचना निघाली: कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क, लगेच लागू, ३१ डिसेंबरपर्यंत. त्या दिवशी निफाड, चांदवड, येवला, देवळा या सगळ्या पट्ट्यातल्या चाळींमध्ये उन्हाळ कांदा होता. भरलेले कंटेनर बंदराच्या वाटेवर होते. सोमवारपासून नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. आमच्याही चाळीत तेव्हा कांदा होता. बाजार उघडला की मिळेल त्या भावाने काढायचा, की शुल्क उठायची वाट बघायची, एवढाच प्रश्न घरापुढे होता. वाट बघावी तर कांद्याला मोड येतात, वजन घटतं आणि खालच्या थराला वास सुटतो.

हे फक्त आमच्या घरचं गाऱ्हाणं असतं तर लिहिण्याचं कारण नव्हतं. पण लोकांच्या भल्यासाठी म्हणून सरकारने बाजारात कुठवर उतरावं, हा प्रश्न कांद्याइतक्या स्पष्टपणे दुसरं कुठलंच पीक विचारत नाही.

आधी पिकाचं चक्र समजून घ्यायला हवं. खरिपाचा लाल कांदा आणि त्यामागून येणारा रांगडा हे दोन्ही टिकत नाहीत. ते काढले की विकावेच लागतात. मार्च ते मे या काळात निघणारा उन्हाळ कांदा तेवढा चाळीत चार-पाच महिने राहतो, आणि देशाच्या एकूण उत्पादनात सर्वांत मोठा वाटा त्याचाच. नवा लाल कांदा बाजारात येईपर्यंत, म्हणजे साधारण दिवाळीपर्यंत, सगळा देश तोच खातो. त्या वाटेवर सड आणि घट मोठी असते. म्हणून ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये भाव चढतो. तेव्हा मिळणाऱ्या पैशात आधीच्या महिन्यांचा खर्च, सडलेला माल आणि मागच्या हंगामाची तूट भरून काढायची असते. शहरातल्या ग्राहकाला दिसतो तो चढलेला भाव, आणि नेमक्या त्याच महिन्यांत सरकारला घाई होते.

घाईची कारणं जुनी आहेत. १९८० च्या लोकसभा निवडणुकीत कांद्याचा भाव प्रचाराचा मुद्दा झाला होता. १९९८ मध्ये दिल्लीतलं भाजपचं सरकार गेलं, त्यामागच्या कारणांत कांदा होताच. ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचा भार एक टक्क्यापेक्षाही कमी आहे, तरी बातम्यांतली त्याची जागा भल्याभल्या पिकांना मिळत नाही. सत्तेत कुठलाही पक्ष असो, कांदा महागला की हात निर्यातीकडेच जातो. २९ सप्टेंबर २०१९ ला निर्यातबंदी झाली, ती मार्च २०२० मध्ये उठली. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी झाली आणि १ जानेवारी २०२१ पासून उठली.

२०२० चं वर्ष बारकाईने बघण्यासारखं आहे. जूनमध्ये केंद्राने अध्यादेश काढून १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यात बदल केला. कांदा, बटाटा, डाळी यांच्या साठ्यावर एरवी मर्यादा घालता येणार नाही. फळं-भाजीपाल्याचा किरकोळ भाव १०० टक्क्यांनी वाढला तरच घालता येईल, असं त्यात लिहिलं होतं. हा बदल ज्या तीन कृषी कायद्यांचा भाग होता त्यांच्याबद्दल मतभेद असतील, माझेही काही मुद्द्यांवर आहेत, पण हे कलम मला आजही योग्य वाटतं. सरकार कधी हस्तक्षेप करेल याचा आकडाच त्यात होता. मात्र त्या बदलाचं विधेयक लोकसभेत १५ सप्टेंबरला मंजूर झालं आणि त्याच्या आदल्याच दिवशी निर्यातबंदी लागू झाली होती. ऑक्टोबरमध्ये घाऊक व्यापाऱ्याला २५ टन आणि किरकोळ दुकानदाराला २ टन अशी साठामर्यादाही आली. निर्यातबंदीचा निर्णय १९९२ च्या परकीय व्यापार कायद्याखाली होतो, त्यामुळे साठ्याबाबत दिलेलं आश्वासन निर्यातीला लागूच नव्हतं. सरकारने एका हाताने दिलेला शब्द धरून शेतकऱ्याने नियोजन केलं, आणि सरकारच्याच दुसऱ्या हाताने बाजार बंद झाला. पुढे जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यांना स्थगिती दिली आणि नोव्हेंबरमध्ये ते मागे घेतले गेले. आकड्याची ती अटही त्यांच्याबरोबर गेली.

२०२३ मध्ये ४० टक्के शुल्कावर गोष्ट थांबली नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस टनामागे ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य लावलं गेलं. ८ डिसेंबरपासून ३१ मार्चपर्यंत पूर्ण बंदी झाली. लासलगावच्या बाजारातला भाव दोन आठवड्यांच्या आत जवळपास निम्म्यावर आला, आणि तेव्हा बाजारात होता तो न टिकणारा लाल कांदा. मार्च संपत आला तेव्हा नवीन उन्हाळ कांदा शेतातून निघत होता, आणि बंदी पुढील आदेशापर्यंत वाढवली गेली. एप्रिलमध्ये गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली तेव्हा नाशिकमध्ये जो संताप उसळला तो रास्त होता. ऐन लोकसभा निवडणुकीत, ४ मे २०२४ ला बंदी उठली. पण ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिलंच. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून शुल्क पूर्ण हटलं. दीड-पावणेदोन वर्षांत नियम इतक्या वेळा फिरले की रोपं टाकताना ठरवलेलं काढणीपर्यंत टिकेल, याची खात्री कुणालाच नव्हती.

बाहेरच्या गिऱ्हाइकालाही ती उरली नाही. बांगलादेश हा आपल्या कांद्याच्या सर्वांत मोठ्या खरेदीदारांपैकी एक. २०१९ च्या बंदीनंतर काही दिवसांतच त्यांच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. आधी कळवलं असतं तर दुसरीकडून सोय केली असती, असं त्यांनी तिथे जाहीरपणे सांगितलं. त्यानंतर त्या देशाने स्वतःचं उत्पादन वाढवायला घेतलं आणि इतर देशांकडूनही खरेदी सुरू केली. त्यांच्या जागी दुसरं कुणीही हेच केलं असतं.

आता भाव पडतो तेव्हाचं चित्र. फेब्रुवारी २०२३ मध्ये लाल कांद्याची आवक इतकी झाली की किलोला दोन-चार रुपये मिळू लागले. सोलापूरच्या बाजारात पाच क्विंटलहून अधिक कांदा विकून, हमाली-तोलाई-वाहतूक वजा जाता, एका शेतकऱ्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश आला. लासलगावला शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले. राज्य सरकारने आधी क्विंटलला ३०० रुपये अनुदान जाहीर केलं, आणि शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या दिशेने निघाल्यावर ते ३५० केलं. मर्यादा एका शेतकऱ्याला २०० क्विंटल. त्यातही सातबारावर ई-पीक पाहणीची नोंद हवी, ही अट आली आणि कित्येकांचे अर्ज तिथेच अडकले. भाव चढला की एका रात्रीत अधिसूचना निघते. भाव पडला की अर्ज, समिती, पडताळणी आणि महिन्यांची प्रतीक्षा. मला सरकारच्या हस्तक्षेपापेक्षाही हा फरक जास्त अन्यायाचा वाटतो.

मग सरकारने कांद्यातून बाहेरच पडावं का? माझं उत्तर नाही असं आहे. वजनकाटा खरा असावा, लिलाव उघड व्हावा, व्यापाऱ्याकडे परवाना आणि हमी असावी, विकलेल्या मालाचे पैसे वेळेत मिळावेत, ही कामं सरकारशिवाय दुसरं कुणी करू शकत नाही. १९६३ च्या राज्याच्या बाजार समिती कायद्याने यातलं पुष्कळ उभं केलं. आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा २०१६ चा निर्णयही त्याच जातीचा, आणि योग्य होता. रस्ते, वीज, बियाण्याची शुद्धता, चाळीसाठी अनुदान, लागवडीची खरी आकडेवारी वेळेवर प्रसिद्ध करणं, ही सगळी सरकारचीच कामं. टंचाईत गरीब कुटुंबाला दिलासा देणंही सरकारचंच काम आहे, फक्त त्याचा खर्च तिजोरीतून व्हावा. निर्यात बंद करून ग्राहकाला स्वस्त कांदा देणं म्हणजे त्या दिलाशाचं बिल एकट्या शेतकऱ्याच्या नावावर फाडणं. ऑगस्ट २०२३ मध्ये नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी महासंघांनी २,४१० रुपये क्विंटलने २ लाख टन जादा खरेदी करावी असं ठरलं, तो मार्ग निदान सरकारी पैशाचा होता. अशी खरेदी बाजार समितीतल्या उघड लिलावात व्हावी, म्हणजे बोलीत आणखी एक मोठा गिऱ्हाईक उभा राहतो आणि भाव सगळ्यांसाठी सुधारतो. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी ऐंशीच्या दशकाच्या उंबरठ्यावर चाकणचा कांदा रस्त्यावर आणला, तेव्हापासून हा वाद महाराष्ट्रात चालू आहे.

हे बदलेल तेव्हा बदलेल. तोवर नव्याने कांद्यात उतरणाऱ्यांनी काही गोष्टी धरून चालावं. चाळीतला सगळा माल दिवाळीच्या भावावर ठेवू नये. बंदी किंवा शुल्काच्या बहुतेक अधिसूचना ऑगस्ट ते डिसेंबरमध्येच निघाल्या आहेत. उन्हाळ कांदा टप्प्याटप्प्याने काढावा, आणि पहिला टप्पा उत्पादन खर्च भरून निघेल एवढा असावा. निवडणूक असलेल्या वर्षी आणखी सावध राहावं. ई-पीक पाहणी दर हंगामात, मुदतीत आणि कांद्याचा हंगाम नीट नोंदवून करावी. काटापट्टी आणि हिशोबपट्टी फायलीत ठेवावी. अनुदानाच्या अर्जाला विक्रीचा पुरावा तोच. परवाना न बघता, उधारीवर, शिवारात माल देऊ नये. व्यापारी बुडाला तर बाजार समितीचं संरक्षण आवारातल्या विक्रीलाच मिळतं.

आणि आमदार-खासदार मतं मागायला आले की फक्त भाव मागून भागत नाही. २०२४ मध्ये दिंडोरी लोकसभा मतदारसंघात केंद्रीय राज्यमंत्री पराभूत झाल्या, त्यात कांद्याचा वाटा होता हे सगळ्यांनीच मान्य केलं. त्या ताकदीवर नेमकं काय मागायचं, हे गावात आधी ठरलेलं हवं: निर्यातीवर बंधन घालायचं असेल तर कोणत्या भावाला, हे आधी लिहून द्या, किमान एक महिना आधी जाहीर करा, वाटेवर असलेला माल त्यातून वगळा, आणि ज्या दिवसापासून बंधन, त्याच दिवसापासून भावातला फरक शेतकऱ्याच्या खात्यात जमा करा.