मूठ ओली करून बघा

काटा काढत, बोटं चाटत मासा खायचा ही आमच्या किनाऱ्यावरची रीत. पण घरात पाहुणे ठेवायला लागल्यापासून पुण्या-नाशिकहून आलेली पोरं पानावर बसायच्या आधीच विचारतात, "आजी, बोनलेस आहे ना?" त्यांच्यापायी आमच्या ओट्यावर विळी-कोयत्याच्या शेजारी फिले काढायची सुरी आली.

पहिली सुरी अशाच एका कुटुंबाने भेट दिलेली. मखमली पेटी, पात्यावर लाटांची नक्षी, मूठ चकचकीत स्टीलची. एका सकाळी पुतण्या रावस सोलायला बसला. रावस तेलकट मासा, त्यात खवल्यांचा चिकटा, हात ओला. मधल्या काट्यावरून पातं नेताना टोक मणक्याच्या सांध्यात अडकलं. सुरी थांबली, पण जोर लावलेला हात थांबला नाही. मूठ आणि पातं यांच्यामध्ये बोट अडवायला काहीच नव्हतं. बोटं मुठीवरून घसरून थेट धारेवर गेली. तर्जनीची आतली शीर तुटली, ऑपरेशन झालं, आणि ते बोट आजही पुरतं मिटत नाही. सुरीला धार उत्तम होती, म्हणूनच तर एवढं लागलं.

तेव्हापासून कोणी सुरी दाखवायला आणली की मी आधी पात्याकडे बघतच नाही. तळहाताला थेंबभर खोबरेल लावते, हात पाण्यात बुडवते आणि मूठ धरते. बाजारात सुरी घेताना सगळे अंगठ्याने धार चाचपतात. धार काय, पुन्हा लावता येते. मूठ मात्र जन्माची. तेलकट हातात ती फिरली, तर सुरी तिथेच ठेवून द्यावी. खरबरीत नायलॉनची किंवा रबरी पकडीची मूठ दिसायला गरीब, पण मासे सोलण्याच्या कारखान्यांत तीच वापरतात. लाकडी मूठ हाताला गोड लागते खरी; पण आमच्या दमट हवेत ती फुगते, रिव्हेटाच्या कडेला फट पडते आणि त्या फटीत माशाचं पाणी मुरतं. दोन दिवसांनी वास सांगतोच. मुठीच्या पुढच्या टोकाला बोट अडेल असा उंचवटा हवा, आणि तोही नावापुरता नको. तर्जनी पुढे ढकलून बघा, अडली पाहिजे.

पातं हा पुढचा भाग. फिलेची सुरी लवचिक लागते, कारण तिला काट्यांच्या फासळीवरून वळत जायचं असतं. टोक लाकडी फळीवर टेकवून हलकेच दाबा. पातं सहज वाकलं पाहिजे आणि सोडल्यावर ताठ सरळ झालं पाहिजे. वाकलेलंच राहिलं तर पोलाद हलकं. अजिबात वाकलं नाही तर ती बहुधा मटणाचं हाड सोडवायची सुरी. दुकानदार दोन्ही एकाच नावाने गळ्यात मारतात. दातेरी पात्याची तर घेऊच नका. ती मांस कापत नाही, फाडते.

लांबी तुमच्या घरात कोणता मासा येतो त्यावर ठरवा. बांगड्याला सहा इंच पुष्कळ. सुरमई, रावस नेहमीचे असतील तर सात-आठ इंचांचं पातं घ्या, म्हणजे शेपटीपर्यंत एकाच ओढीत जाता येतं. करवतीसारखं पुढे-मागे केलं की फिलेवर पायऱ्या पडतात. पापलेटाला बारीक आणि जास्त लवचिक पातं बरं. त्याच्या मधोमध लांबट चीर द्यायची आणि तिथून दोन्ही कडांना पातं काट्यावर जवळजवळ आडवं ठेवून सरकवत न्यायचं. बरोबर चाललं असेल तर काट्यांवरून बारीक कर्रकर्र ऐकू येते. आवाज बंद झाला की समजावं, पातं वर मांसात चढलंय आणि पैसे काट्याला चिकटून राहताहेत. मोठ्या घोळीचं डोकं उडवायला मात्र कोयताच. नाजूक पात्याने मणका तोडायला गेलात तर धारेचे तुकडे पडतील, एखादा फिलेतही जाईल.

जपानी देबा सुरीचं हल्ली कौतुक फार. डोकं उडवणं आणि फिले काढणं दोन्ही तिच्याने होतं, पण पाठ जाड, पातं ताठ आणि धार एकाच बाजूने. डावखुऱ्याला वेगळी मागवावी लागते. हात बसलेला असेल त्याने घ्यावी. नवशिक्याने फिनलंड-स्वीडनकडच्या पद्धतीची साधी, बारीक, लवचिक सुरी बघावी. परदेशातून कोणी आणणार असेल तर त्यांना सांगा, विमानात ती सोबतच्या पिशवीत चालत नाही, मोठ्या सामानातच टाकावी लागते.

पोलादाबद्दल एवढंच सांगते, की समुद्राकाठी राहत असाल तर स्टेनलेस घ्या. कार्बन पोलादाला धार झकास येते, पण खाऱ्या हवेत त्यावर रात्रीत तांबूस ठिपके उमटतात. नक्षीला भुलू नका. स्वस्त सुऱ्यांवरच्या त्या लाटा बहुतेकदा वरून छापलेल्या असतात आणि घासून घासून निघून जातात.

धार रस्त्यावरच्या चाकवाल्याकडून लावून घेऊ नका. कोयत्याला ते चाक ठीक आहे. बारीक पातं त्याच्यावर इतकं तापतं की धारेची कड निळसर पडते, आणि निळं पडलेलं पोलाद मऊ होतं. हजार नंबरचा पाण्याचा दगड आणून घरीच लावा. पात्याची पाठ थोडीशीच उचलायची, पंधरा अंशांच्या आसपास. आणि ग्रॅनाइटच्या ओट्यावर कापणं बंद करा. लाकडाची नाहीतर प्लास्टिकची फळी, खाली ओलं फडकं, म्हणजे ती सरकत नाही.

मासळीच्या पाण्यात झालेली जखम साधी समजू नये, हे डॉक्टरांनी पुतण्याला बजावलं होतं. त्या पाण्यातले काही जंतू चिरेतून आत गेले तर फार वेगाने पसरतात. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांना धोका अधिक. आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करा. बोट ठणकायला लागलं, लाली हाताकडे चढायला लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, हळद भरून वाट बघत बसू नका. चिरा न पडणारा हातमोजा मासा धरणाऱ्या हातात घालावा. तो ओरखड्यापासून वाचवतो, टोक घुसलं तर नाही.

वापरून झाली की सुरी आधी गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने माशाचा चिकटा पात्यावर शिजून बसतो. मग साबण, आणि कोरडं फडकं. ओली सुरी म्यानात घालायची नाही. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत आमची सुरी पडूनच असते. तेव्हा खोबरेलाचं बोट फिरवून, वर्तमानपत्रात गुंडाळून ती पोरांच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर जाते.