छताखाली वाट दाखवताना : सहा बोल

रुग्णालयं, मॉल, गोदामं यांच्या आत फोनवरचा निळा ठिपका योग्य जागी बसवून देणं हे माझं काम. नव्या ग्राहकाची मागणी बहुधा एकच असते : ‘बाहेर जीपीएस चालतं ना, तेच आत आणा.’ त्या मागणीला उत्तरं देता देता जमलेले हे बोल.

१. उपग्रह आत येणार नाही, हे आधीच सांगून टाका.
जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. मोकळ्या मैदानातसुद्धा त्यांचा सिग्नल रिसीव्हरच्या विद्युत गोंगाटाखाली दबलेला असतो. ओळखीच्या सांकेतिक क्रमावरून तो वेचून काढावा लागतो. मध्ये स्लॅब आले की त्याचा शंभरावा, कधी हजारावा हिस्सा उरतो. खिडकीशी मिळतो तो बऱ्याचदा समोरच्या इमारतीवर आपटून, लांबच्या वाटेने आलेला. मग ठिपका भलतीकडेच जातो.

२. गच्चीवरचा अँटेना हॉलमध्ये उतरवून भागत नाही.
गच्चीवर अँटेना, तिथून केबल आणि हॉलमध्ये रिपीटर, ही कल्पना बैठकीत कुणीतरी मांडतंच. पण केबलमध्ये आणि हॉलमध्ये जाणारा वेळ सगळ्या उपग्रहांच्या सिग्नलना सारखाच लागतो. फोन तो आपल्या घड्याळाचा फरक म्हणून वजा करतो आणि हॉलमधले सगळे फोन गच्चीवरच्या अँटेनाचीच जागा दाखवतात. हँगरमध्ये विमानातली उपकरणं तपासायला हे ठीक; वाट शोधायला नाही. जपानच्या ‘जाक्सा’ या अवकाश संस्थेने निराळी युक्ती काढली : इमारतीत बसवलेले छोटे प्रक्षेपक जीपीएससारख्याच सिग्नलमधून स्वतःचे अक्षांश, रेखांश आणि मजला सांगतात. मुद्दा तोच. छताखाली जागा इमारतीनेच सांगायची असते.

३. अचूकता ठरवण्याआधी गरज विचारा.
रस्त्यावर पाच मीटरची चूक झाली तरी रस्ता तोच राहतो. आत दोन मीटरने माणूस भिंतीपलीकडे जातो. ब्लूटूथ बीकन, म्हणजे सेलवर चालणारे छोटे प्रक्षेपक, साधारण कुठल्या भागात आहात ते सांगतात. सिग्नलच्या जाण्यायेण्याचा वेळ मोजणारी वाय-फायची पद्धत, जी २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून फोनमध्ये आली, एक-दोन मीटरपर्यंत नेते. अल्ट्रा-वाइडबँड ही रेडिओ पद्धत दहा ते तीस सेंटिमीटरवर आणते, पण त्यासाठी ठिकठिकाणी वेगळी उपकरणं लावावी लागतात. फोर्कलिफ्टला ते हवं. ओपीडी शोधणाऱ्या आजींना बीकन पुरे.

४. मजला चुकला की सगळंच चुकलं.
फोनमधला वायुदाबमापक उपयोगी आहे. तीन मीटर चढलं की दाब सुमारे ३६ पास्कलने उतरतो आणि एवढा फरक त्याला कळतो. पण आपल्याकडे निरभ्र दिवशीही सकाळी दहा ते दुपारी चारच्या दरम्यान दाब दोनशे-तीनशे पास्कलने खाली येतो. म्हणजे खुर्चीतून न उठता माणूस सहा-आठ मजले चढला! म्हणून तळमजल्यावर एक दाबमापक कायमचा ठेवा आणि त्याच्याशी तुलना करा.

५. रिकाम्या इमारतीत मोजमाप करू नका.
कुठे कुठला सिग्नल किती मिळतो, याची नोंद करायला ग्राहक रविवार सुचवतात. पण माणसाच्या शरीरात निम्म्याहून अधिक पाणी असतं आणि ते ब्लूटूथ, वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्‌झ लहरी शोषतं. रविवारी शांत कॉरिडॉरमध्ये घेतलेली नोंद सोमवारच्या गर्दीत जुळत नाही. लोखंडी कपाटांची रांग सरकवली तरी तेच होतं. गर्दीतही मोजा, आणि सामान कधी कुठे हलतं हे सफाईवाल्या मावशींना विचारा. मॅनेजरपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

६. देखभालीला माणूस नेमा.
जीपीएस भरवशाचं वाटतं, कारण अमेरिकेचं अवकाश दल ते सतत सांभाळतं. कोलोरॅडोतल्या नियंत्रण केंद्रातून उपग्रहांना रोज ताजी माहिती जाते. इमारतीत बीकनचे सेल संपतात, विभाग दुसऱ्या मजल्यावर जातात, नवं पार्टिशन उभं राहतं आणि नकाशा जुनाच राहतो. म्हणून यंत्रांच्या किमतीआधी मी वार्षिक देखभालीचा करार पुढे ठेवतो. सेल कोण बदलणार आणि नकाशा कोण सुधारणार, हे त्यात नावानिशी लिहून घेतो. ते नाव द्यायला कुणी तयार नसेल, तर दारातच ठळक मराठी पाट्या आणि चौकशीची खिडकी लावा, असं सुचवून मी कोटेशन मागे घेतो.