वेतनपत्रक आणि कायदा : लहान आस्थापनांसाठी एक अभ्यास

जबलपूरमधील चेरीतालसारख्या शहरी वस्तीत दुकाने, कार्यशाळा व दवाखाने यांतून अनेकांची उपजीविका चालते. अशा आस्थापनांचे वेतनपत्रक बहुधा एकच लेखनिक तयार करतो. त्यातील एका रकान्याची चूक कामगाराच्या उपदानापर्यंत पोहोचते. म्हणूनच वेतनविषयक नियम समजून घेणे मालक व कामगार या दोघांच्याही हिताचे आहे.

वेतन संहिता, 2019 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. वेतन प्रदान (1936), किमान वेतन (1948), बोनस (1965) आणि समान मोबदला (1976) हे चार कायदे तीत विलीन झाले. पूर्वी केवळ अनुसूचित रोजगारांपुरते असलेले किमान वेतनाचे संरक्षण आता सर्वच कामगारांना लागू आहे.

वेतन कशाला म्हणावे?

मूळ वेतन व महागाई भत्ता हे वेतनाचे मुख्य घटक होत. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता इत्यादी रकमा वेतनातून वगळल्या जातात. मात्र वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास वरचा भाग वेतनातच धरावा लागतो.

समजा, बारा कामगारांच्या एका आस्थापनेत एकाला दरमहा 26,000 रुपये मिळतात. त्यांपैकी मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 10,000, तर घरभाडे व प्रवास भत्ता मिळून 16,000 रुपये आहेत. निम्मी मर्यादा 13,000 रुपयांची. म्हणून उरलेले 3,000 रुपये वेतनात मिळवून वेतन 13,000 रुपये ठरते. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी पंधरा दिवसांचे उपदान (महिन्याचे 26 दिवस धरून) 7,500 रुपये होते. केवळ 10,000 रुपये धरल्यास ते 5,769 रुपयेच भरेल. वीस वर्षांच्या सेवेत हा फरक सुमारे 34,600 रुपयांचा होतो.

कामाचे तास व नगावरची मजुरी

नेहमीच्या तासांपलीकडील कामाचा मोबदला किमान दुप्पट दराने द्यावयाचा असतो. वरील उदाहरणात रोजचे वेतन 500 रुपये आणि आठ तासांच्या दिवसानुसार ताशी दर 62.50 रुपये येतो. त्यामुळे अतिरिक्त तासाचे 125 रुपये होतात. हजेरीपत्रकात येण्याजाण्याची वेळ नसेल, तर हा हिशेब मुळातच करता येत नाही.

जबलपूर परिसरातील जुन्या विडी व्यवसायात हजार विड्यांमागे मजुरी दिली जाते. नगावर काम असले तरी किमान वेतनाचे बंधन सुटत नाही. किमान नगदर ठरविलेला नसून केवळ किमान वेळदर ठरविलेला असल्यास त्याहून कमी मजुरी देता येत नाही.

लक्षात ठेवण्याच्या बाबी

- मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेपूर्वी द्यावे.
- नोकरी सोडणाऱ्याचे किंवा काढलेल्याचे देणे दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावे.
- एकूण कपात वेतनाच्या निम्म्याहून अधिक नसावी.
- वेतनचिठ्ठी अवश्य द्यावी.

थकबाकीचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो आणि देणे दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. नीट ठेवलेली नोंदवही त्यामुळे प्रामाणिक मालकाचेही रक्षण करते.

किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करवून घेणे म्हणजे घटनेच्या अनुच्छेद 23 अन्वये वेठबिगारी होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात दिला. वेतनपत्रक भरताना लेखनिकाने आणि त्यावर सही करताना मालकाने याचे भान ठेवावयास हवे.