आर्सेनिकदूषित जमीन आणि मुळांजवळचे जिवाणू

कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे १९८३ च्या सुमारास पश्चिम बंगालच्या खेड्यांतून काही रुग्ण येऊ लागले. त्यांचे तळहात व तळपाय खरखरीत झाले होते आणि अंगावर काळे-पांढरे ठिपके उठले होते. कूपनलिकांच्या पाण्यातील आर्सेनिक हे या विकाराचे मूळ होते. सोमल म्हणून आपल्याकडे परिचित असलेले विष हे याच मूलद्रव्याचे संयुग होय. पुढे १९९९ मध्ये महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या तत्कालीन राजनांदगाव जिल्ह्यातील भूजलातही आर्सेनिक असल्याचे प्रसिद्ध झाले. तेथे मात्र त्याचा उगम खडकांत आहे.

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅमहून अधिक आर्सेनिक नसावे, असा दंडक आहे. तथापि बंगालमध्ये त्याच भूजलावर उन्हाळी बोरो भात पिकविला जातो. त्यामुळे दर हंगामात पाण्याबरोबर थोडेथोडे विष खाचरात येऊन साठते आणि भाताच्या दाण्यापर्यंत पोहोचते. मातीतील जिवाणूंचा विचार याच ठिकाणी सुरू होतो.

आर्सेनिकचे आर्सेनेट हे रूप फॉस्फेटशी इतके मिळतेजुळते असते की, वनस्पतीचे मूळ त्याला खत समजूनच आत घेते. खाचरात पाणी तुंबून मातीतील प्राणवायू संपला की त्याचे आर्सेनाइट बनते. हे रूप अधिक घातक असून ते भाताच्या मुळात सिलिकॉनच्या वाटेने शिरते. सिलिकॉनची भाताला मोठी गरज असल्याने ही वाट रुंद असते. इतर धान्यांच्या मानाने तांदळात आर्सेनिक अधिक का आढळते, याचा उलगडा यातून होतो.

मुळांना चिकटून असलेल्या मातीच्या पातळ थरात बॅसिलस, स्यूडोमोनास इत्यादी जिवाणूंची दाट वस्ती असते. मुळांतून झिरपणारी शर्करा व आम्ले हा त्यांचा आहार. दूषित जमिनीतील अशा अनेक जिवाणूंनी विषाशी सामना करण्याची सोय करून घेतली आहे. पेशीत शिरलेल्या आर्सेनेटचे ते एका एंझाइमच्या साहाय्याने आर्सेनाइट बनवितात आणि पेशीच्या आवरणातील प्रथिनरूपी पंपाने ते बाहेर फेकतात. जिवाणू वाचतो, परंतु बाहेर पडलेले आर्सेनाइट मुळाशेजारच्या पाण्यातच राहते. घरातील केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटण्यासारखाच हा प्रकार! ‘आर्सेनिक-प्रतिरोधी’ या भारदस्त विशेषणावरून जिवाणू विष नष्ट करतो असा समज होतो. तो चुकीचा आहे. आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे. कोणताही जीव ते नाहीसे करू शकत नाही. फक्त त्याचे रूप किंवा जागा बदलू शकतो.

मात्र काही जिवाणूंचे कार्य याच्या नेमके उलट असते. ते आर्सेनाइटचे पुन्हा आर्सेनेट करतात. भाताचे मूळ स्वतःभोवती प्राणवायू सोडते, त्यामुळे मुळावर लोहाच्या गंजाचे तांबूस पुट चढते. हे पुट आर्सेनेटला धरून ठेवते आणि विषाचा बराच भाग मुळाबाहेर अडतो. आणखी काही जिवाणू आर्सेनिकपासून लसणासारखा वास येणारा वायू तयार करतात. पण या मार्गाने जमिनीतून निघून जाणारे प्रमाण अल्पच असते.

तेव्हा दूषित शेतासाठी जिवाणूसंवर्धक सुचविला गेल्यास, जिवाणू विषात जगतो काय एवढेच विचारून भागत नाही. त्याच्या वापराने दाण्यातील आर्सेनिक घटते काय, हे शेतातील चाचणीवरून पाहिले पाहिजे. फॉस्फेट विरघळविणारा जिवाणू एरवी पिकाला उपकारक असतो. अशा जमिनीत मात्र तो लोहाला बांधलेले आर्सेनिकही मोकळे करू शकतो. प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत उत्तम ठरलेला जिवाणू खाचरातील लक्षावधी स्थानिक जिवाणूंपुढे टिकेलच असेही नाही.

आज हाती असलेला अधिक भरवशाचा उपाय पाणी देण्याच्या पद्धतीत आहे. खाचर सतत तुंबवून न ठेवता अधूनमधून सुकू दिल्यास मातीत प्राणवायू शिरतो, आर्सेनाइट कमी बनते आणि दाण्यातील आर्सेनिक घटते. जेथे तळ्याचे किंवा पावसाचे साठविलेले पाणी उपलब्ध असेल, तेथे दूषित कूपनलिकेचा उपसाही कमी करता येतो. मात्र माती सुकविल्याने कॅडमियम हा दुसरा विषारी धातू अधिक मोकळा होतो. म्हणून जेथे त्याचाही संशय आहे तेथे माती व तांदूळ या दोहोंची तपासणी करूनच पाण्याच्या पाळ्या ठरवाव्या लागतात.