तिप्पट कशाची?

हिंदमाताच्या एका दुकानात गादीवर बसून मी अठ्ठावीस वर्षं साड्या उलगडल्या. राहायला भोईवाड्यात, चालत दहा मिनिटं. पितृपक्षात गल्ला का बसतो आणि पावसाचं पाणी पायरीला लागलं की कुठल्या घड्या आधी वर चढवायच्या, हे मला झोपेतही सांगता येईल. तरी पैसे बुडाले ते कपड्यांच्याच धंद्यात.

ऑगस्ट २०२१. तयार कपड्यांची दुकानं चालवणाऱ्या एका कंपनीचा तिमाही निकाल पेपरात आला : विक्री तिप्पट! भाच्याने मोबाइलवर डिमॅट खातं उघडून दिलंच होतं. ऐंशी हजार घातले.

तुलना होती एप्रिल ते जून २०२० शी. त्या टाळेबंदीत आमच्या शेठचंही शटर बहुतेक खालीच होतं. २०२१ मध्येही ५ एप्रिलच्या रात्रीपासून निर्बंध लागले आणि मुंबईतली कापडाची दुकानं जूनमध्येच उघडली. म्हणजे जवळजवळ शून्याची तिप्पट. मी २०१९ चा आकडा काढून पाहिला असता, तर विक्री त्याच्या निम्मीही नाही हे दिसलं असतं. दीड वर्षाने विकलं तेव्हा एकतीस हजार गेले होते.

आता चाळीतली पोरं विचारतात, "काका, घेऊ का?" मी आधी कालनिर्णय काढायला लावतो. हसतात. पण दिवाळीच्या तिमाहीची तुलना पावसाळी तिमाहीशी करायची नाही, हे कळणारेही पुढे चुकतात, कारण सण सरकतात. २०२३ ला घटस्थापना १५ ऑक्टोबरला होती, २०२५ ला २२ सप्टेंबरला. नवरात्राची बरीच खरेदी जुलै-सप्टेंबरच्या खात्यात गेली. त्यात त्याच दिवसापासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यांना पाच टक्के जीएसटी झाला, आधी ही सवलत हजारापर्यंतच होती. २०२६ ला १७ मेपासून अधिक ज्येष्ठ. अधिक महिन्यात आपल्याकडे लग्नं होत नाहीत, म्हणजे ऐन लगीनसराईतच खंड.

मग दुकानं मोजा. एप्रिल-जून २०२५ मध्ये झुडिओ ही कपड्यांची दुकानं चालवणाऱ्या ट्रेन्ट कंपनीची विक्री वीस टक्क्यांनी वाढली, तरी तसा अंदाज आधी कळताच ४ जुलैला शेअर एका दिवसात अकरा टक्क्यांहून जास्त पडला. बाजाराला याहून जास्त वाढीची सवय झाली होती, हे एक. पण वर्षभरात झुडिओची दुकानं ५५९ वरून ७६६ झाली होती. झुडिओची दुकानं सदतीस टक्क्यांनी वाढली आणि सगळ्या कंपनीची विक्री वीस, तर जुन्या दुकानांत गिऱ्हाईक किती वाढलं, हे आमच्या गादीवरचा पोऱ्याही विचारेल.

आणि माल. शेठ दिवाळी संपली की गल्ला नंतर मोजायचे, आधी माळ्यावर चढायचे. फॅशन गेलेली साडी तिथे पडून असली, तर कागदावरचा नफा तिच्या घडीतच अडकलेला असतो. कंपनीचा माळा सहसा वर्षातून दोनदाच दिसतो : सप्टेंबरअखेरच्या निकालात, जो पंचेचाळीस दिवसांत यावा लागतो, आणि मार्चअखेरच्या, ज्याला साठ दिवस असतात. ताळेबंद त्या दोन्हींना जोडलेला असतो. मी भुललो तो निकाल जूनचा होता. त्यात माळा नव्हताच.