घटक ४ : ध्वनिविचाराच्या अध्ययनात ऑनलाइन चित्रफितींचे स्थान

४.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण मराठीच्या वर्णव्यवस्थेचा परिचय छापील पुस्तिकेतून करून घेतला. नेमकी तेथेच एक अडचण आहे. ‘जग’ हा शब्द पाहा. ‘विश्व’ या अर्थी त्यातील ‘ज’ तालव्य आहे. ‘जगणे’ या क्रियापदाच्या आज्ञार्थी रूपात तो दंततालव्य आहे. लिपीत मात्र दोहोंचे रूप एकच. मराठी मातृभाषा असलेल्यांना हा भेद न शिकवता साधतो, परंतु जीभ कोठे टेकते असे विचारल्यास उत्तर सहसा मिळत नाही. उच्चार ही मुळात हालचाल आहे आणि हालचाल कागदावर उतरत नाही.

४.२ पार्श्वभूमी

ही उणीव जुन्या अभ्यासकांनाही जाणवली होती. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला; पुढे त्याच सर्वेक्षणाला पूरक म्हणून ग्रामोफोनच्या तबकड्या तयार करण्यात आल्या. विद्यापीठीय अध्यापनात दृश्य माध्यम आले ते १५ ऑगस्ट १९८४ रोजी, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरदर्शनवरील ‘देशव्यापी वर्गा’ने. पुणे विद्यापीठातील माध्यम केंद्रानेही त्यासाठी कार्यक्रम निर्माण केले. परंतु प्रक्षेपणाची वेळ ठरलेली असे, आणि पाळीनुसार काम करणाऱ्याला ती सोयीची असतेच असे नाही. ऑनलाइन चित्रफितीने हे बंधन दूर केले. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या मंचाची रचना चार अंगांची आहे : चित्रफीत, वाचनसाहित्य, चर्चा आणि स्वयंमूल्यमापन. म्हणजे तेथेही चित्रफीत हा पाठाचा एक भाग आहे, संपूर्ण पाठ नव्हे. हे अनेकदा विसरले जाते.

४.३ विषय-विवेचन

चाकणच्या कारखान्यातील पाळी संपवून रात्री रावेतला परतलेला विद्यार्थी बसमध्येच व्याख्यान ऐकतो. वक्ता सुबोध असेल तर सारे समजल्यासारखे वाटते. हा आभास फसवा असतो, कारण ओळखीचे वाटणे आणि स्वतः सांगता येणे या भिन्न गोष्टी आहेत. म्हणून दहा मिनिटांची फीत एका बैठकीत संपवू नये. प्रथम आवाज बंद ठेवून वक्त्याच्या ओठांकडे पाहावे. ‘प’ आणि ‘म’ यांत ओठ सारखेच मिटतात, तेव्हा त्यांतील भेद अन्यत्र, म्हणजे नासिकेत, शोधावा लागतो हे आपोआप ध्यानात येते. ‘त’ आणि ‘ट’ यांतील जिभेची जागा बाहेरून नीट दिसत नाही. त्यासाठी चुंबकीय प्रतिमांकनाने घेतलेल्या, बोलताना मुखातील हालचाल दाखवणाऱ्या फिती पाहाव्यात. त्या आता सहज उपलब्ध आहेत. त्यानंतर फीत थांबवून निरीक्षण स्वतःच्या शब्दांत लिहावे. पडद्यावर आपोआप उमटणाऱ्या मजकुरावर मात्र विसंबू नये. तो लिपीत असतो, आणि लिपी ‘जग’चे दोन उच्चार वेगळे दाखवत नाही.

याहून गंभीर प्रश्न निराळाच आहे. ‘शुद्ध उच्चार’ शिकवणाऱ्या चित्रफितींचा सध्या सुकाळ आहे. पवनेकाठच्या रावेतमध्ये आज वऱ्हाड, मराठवाडा, खानदेश अशा अनेक भागांतील कुटुंबे राहतात. वऱ्हाडी बोलणारा विद्यार्थी ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ म्हणतो आणि अशी फीत पाहून स्वतःला चुकीचा ठरवतो. वस्तुतः ‘काळा’चे ‘काया’ होते, तसेच ‘डोळा’चे ‘डोया’ होते. हा नियमित ध्वनिबदल आहे, निष्काळजीपणा नव्हे. मराठवाड्यातील ‘काय करायलास?’ किंवा कोल्हापूरकडील स्त्रियांचे ‘मी आलो’ यांनाही स्वतःचे व्याकरण आहे. प्रमाणभाषा औपचारिक लेखनासाठी आवश्यक आहे, त्याविषयी वाद नाही. परंतु अशी फीत सूचना देते, वर्णन करत नाही. माझ्या मते, भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याने तिच्याकडेही अभ्यासाची सामग्री म्हणूनच पाहावे : वक्ता कोणता उच्चार नाकारतो आणि नाकारण्याचे कोणते कारण देतो?

४.४ स्वाध्याय

१. ‘चार’ व ‘चाक’ हे शब्द उच्चारताना स्वतःचे चित्रण करा. दोन्ही ‘च’कारांच्या वेळी जिभेच्या स्थानात जाणवणारा फरक चार वाक्यांत लिहा.

२. अन्य जिल्ह्यातून आलेल्या एखाद्या शेजाऱ्याची किंवा सहकाऱ्याची पूर्वसंमती घेऊन त्यांना कामाच्या दिवसाविषयी पाच मिनिटे बोलते करा व ते ध्वनिमुद्रित करा. मध्येच उच्चार सुधारू नका. ‘ळ’ असलेले शब्द उच्चारानुसार लिहून काढा आणि ती यादी संपर्कसत्राला येताना सोबत आणा.